अहवाल ‘नॉर्मल’, तरी गर्भ का टिकत नाही?

प्रश्न : माझे वय ३८ वर्षे, पत्नीचे ३१. गेल्या दोन वर्षांत आठव्या आठवड्याच्या सुमारास दोनदा गर्भपात झाला. पत्नीच्या तपासण्यांत दोष आढळला नाही. माझ्याही वीर्यतपासणीत शुक्राणूंची संख्या व हालचाल चांगली आहे. आता डॉक्टरांनी शुक्राणूंच्या ‘डीएनए फ्रॅगमेंटेशन’ची चाचणी सुचवली आहे. मी फाउंड्रीत भट्टीजवळ काम करतो व सिगारेट ओढतो. संख्या उत्तम असताना या चाचणीची गरज काय? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नेहमीची वीर्यतपासणी शुक्राणू किती आहेत, कसे पोहतात आणि कसे दिसतात एवढेच सांगते, त्यांच्या डोक्यात दाटून बसवलेला डीएनए अखंड आहे की जागोजागी तुटलेला, हे तिला दिसत नाही. शुक्राणू तयार होताना हा डीएनए प्रोटामिन नावाच्या प्रथिनांभोवती अतिशय घट्ट आवळला जातो आणि त्यानंतर शुक्राणूला स्वतःची दुरुस्ती करता येत नाही. फलनानंतर स्त्रीबीज काही तुटी सांधते, परंतु त्याची क्षमता मर्यादित असते व वयानुसार घटते. गर्भातील पित्याकडून आलेली जनुके साधारणपणे चार ते आठ पेशींच्या अवस्थेत कामाला लागतात. म्हणूनच गर्भधारणा होऊनही पुढे गर्भ न टिकण्याशी या दोषाचा संबंध जोडला जातो. अर्थात गर्भपाताचे सर्वाधिक आढळणारे कारण गर्भातील गुणसूत्रांचा दोष हे असल्याने आपल्या बाबतीत हेच घडले असे चाचणीपूर्वी म्हणता येणार नाही.

मूल व्हावे म्हणून पहिल्यांदाच तपासायला आलेल्या प्रत्येक पुरुषाला ही चाचणी सांगू नये, असे माझे मत आहे. वारंवार गर्भपात झाले असतील तर मात्र ती उपयोगी ठरते. (पत्नीच्या तपासण्यांची फाइल जाडजूड आणि पतीचा एकच कागद, हे दृश्य आम्हाला रोजचे आहे.) एका प्रचलित पद्धतीत ३० टक्क्यांहून अधिक शुक्राणूंचा डीएनए तुटलेला असल्यास प्रमाण जास्त मानतात, पद्धत बदलली की हा आकडाही बदलतो, त्यामुळे दोन प्रयोगशाळांच्या अहवालांची तुलना करू नये.

आपल्या पत्रातील भट्टी आणि सिगारेट या दोन्ही गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. वृषणांना शरीराहून दोन-तीन अंश कमी तापमान लागते, आणि धुरामुळे वाढणारा ऑक्सिडेटिव्ह ताण (शरीरात ऑक्सिजनपासून बनणाऱ्या घातक रेणूंचा अतिरेक) डीएनएला इजा करतो. वृषणाच्या शिरा फुगण्याचा विकार, म्हणजे व्हेरिकोसील, आहे का हेही तपासून घ्यावे. तो हाताला लागण्याइतका असेल तर शस्त्रक्रियेने डीएनएची तूट अनेकदा कमी होते. महागड्या अँटिऑक्सिडंट गोळ्यांचा मात्र आग्रह धरू नये : २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत त्यांनी ना डीएनएची तूट घटली, ना जन्मदर वाढला.

शुक्राणू तयार होऊन बाहेर येण्यास सुमारे तीन महिने लागतात. म्हणून सिगारेट आज सोडली, शक्य असल्यास भट्टीपासून दूरचे काम मागून घेतले, तरी फेरतपासणी त्या मुदतीनंतरच करावी. तपासणीपूर्वीचा संयम दोन ते सात दिवसांचा असावा. अधिक दिवस थांबल्यास साठून राहिलेल्या शुक्राणूंमुळे तुटीचे प्रमाण फुगलेले दिसू शकते.