ओपिओंगो सरोवरात स्मॉलमाउथ बास कसा गरवावा?

प्रश्न : मी मिसिसॉगा येथे राहतो. जुलैअखेर ऑन्टारिओतील अल्गॉनक्विन पार्कमध्ये ओपिओंगो सरोवरावर आम्ही चार दिवस जाणार आहोत. मालवणहून आलेले माझे वडील (वय 67) सोबत असतील. त्यांनी आयुष्यभर समुद्रात गरी टाकली आहे, पण स्मॉलमाउथ बास हा गोड्या पाण्यातील मासा आम्हा दोघांनाही नवा आहे. दुकानात कृत्रिम आमिषांचे इतके प्रकार दिसले की काय घ्यावे तेच कळेना.

उत्तर : आमिषाआधी जागा ठरवावी. स्मॉलमाउथ हा दगडांत वावरणारा मासा आहे, कारण त्याचे आवडते खाद्य असलेले क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यातील छोट्या शेवंडासारखे दिसणारे जीव, दगडांच्या फटींत राहतात. खडपाजवळ मासा असतो हे आपल्या वडिलांना सांगण्याची गरज नाही; येथे ते खडप शोधणे एवढेच काम आहे. पाण्यात शिरलेली खडकाळ टोके, बेटांच्या कडा आणि खोल पाण्याच्या मध्येच उंचावलेले दगडी तळ, अशा ठिकाणी जुलैअखेर साधारण तीन ते सात मीटर खोलीवर प्रयत्न करावा. वसंताच्या शेवटी किनाऱ्यालगत अंडी घालून पिलांची राखण करणारे नर एव्हाना तेथून हललेले असतात, त्यामुळे उथळ पाण्यात भर दुपारी गरी टाकत राहिल्यास हाती फारसे लागणार नाही.

आमिषांपैकी एकच घ्यायचे झाल्यास तपकिरी किंवा गडद हिरव्या रंगाचे, सुमारे तीन इंची ट्यूब जिग, म्हणजे वजनदार डोक्याच्या गरीवर चढवलेले मऊ प्लास्टिकचे पोकळ आमिष घ्यावे. ते तळापर्यंत जाऊ द्यावे, मग रॉडचे टोक किंचित उचलून ते दगडांवरून सरपटत आणावे आणि पुन्हा पडू द्यावे. मासा बहुतेक वेळा आमिष खाली पडत असतानाच ते तोंडात घेतो आणि त्या वेळी हाताला झटका जाणवेलच असे नाही; दोरी अचानक बाजूला सरकली किंवा सैल पडली, की लगेच ओढ द्यावी. सकाळी लवकर आणि संध्याकाळी, वारा पडलेला असताना, पॉपर, म्हणजे पृष्ठभागावर तरंगणारे आणि ओढल्यावर पाणी उडवणारे आमिष, वापरून पाहावे. ते पाण्यात पडल्यावर उठलेली वलये विरेपर्यंत त्याला हलवू नये. समुद्रावर सवय झालेल्या हाताला हा धीर कठीण वाटतो, पण स्वच्छ पाण्यातील सावध मासा बरेचदा त्या स्तब्धतेतच झडप घालतो.

मालवणचा जाड तंगूस (नायलॉनची दोरी) मात्र घरी ठेवावा. पाणी नितळ असल्याने सहा ते आठ पौंडांचा ताण पेलणारी दोरी आणि साडेसहा-सात फुटांचा, मध्यम ताकदीचा स्पिनिंग रॉड पुरेसा आहे. बास गळाला लागल्यावर पाण्याबाहेर उसळी मारतो आणि डोके झटकून गरी फेकण्याचा प्रयत्न करतो. अशा वेळी दोरी ताणलेली ठेवून रॉड खाली, पाण्याकडे झुकवावा आणि रीलचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागल्यावर दोरी किती सहज सुटेल हे ठरवणारा ब्रेक, फार आवळू नये. हलका वारा आणि ढगाळ हवा असेल तर दिवस चांगला समजावा, कारण लाटांमुळे पाण्यात उजेड कमी शिरतो आणि मासा बिनधास्त होतो. तरीही ओपिओंगो हे अल्गॉनक्विनमधील सर्वांत मोठे सरोवर असून तेथे वाऱ्याने लाटा चटकन उंच होतात, म्हणून कनूने (वल्ह्याच्या अरुंद होडीने) मोकळे पाणी ओलांडण्याचे बेत सकाळीच उरकावेत आणि लाइफ जॅकेट अंगावरच ठेवावे.

खाण्यासाठी लहान मासे ठेवावेत. थंड पाण्यात बास फार सावकाश वाढतो, त्यामुळे मोठ्या माशाची जागा भरून यायला बरीच वर्षे लागतात. शिवाय मोठ्या, वयस्क माशांत पारा अधिक साठलेला असतो. मोठा मासा हात ओले करून, पोटाखाली आधार देऊन धरावा आणि लगेच सोडावा.

नियमांबाबत दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. अल्गॉनक्विनमध्ये जिवंत मासे आमिष म्हणून वापरणे किंवा जवळ बाळगणेही बेकायदेशीर आहे, गांडुळे चालतात. दुसरे असे की 65 वर्षांवरील व्यक्तींना मिळणारी परवान्याची सूट केवळ कॅनडाच्या रहिवाशांसाठी असल्याने वडिलांसाठी अनिवासी परवाना घ्यावाच लागेल. आपल्याला, वय 18 ते 64 दरम्यान असल्यास, आउटडोअर्स कार्डासह (ऑन्टारिओ सरकारच्या ओळखपत्रासह) परवाना लागेल, आणि किती मासे ठेवता येतील ही मर्यादा परवान्याच्या प्रकारानुसार बदलते, तेव्हा ती त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत निघण्यापूर्वीच पाहून घ्यावी.