मीठ, आईस्क्रीम आणि स्ट्रिंगर बेल

गेल्या अंकात 'द वायर' या अमेरिकन पोलीस मालिकेबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग पडला. बहुतेक पत्रं एकाच माणसाबद्दल आहेत. बाल्टिमोर शहरात ड्रग्ज विकणाऱ्या बार्कस्डेल टोळीचा दोन नंबरचा म्होरक्या, स्ट्रिंगर बेल. म्हणून या वेळी हे सदर त्याच्यापुरतंच. उत्तरांत शेवट सांगून टाकला आहे, तेव्हा ज्यांची मालिका बघायची राहिली आहे त्यांनी हे पान दुमडून ठेवावं.

मॅडम, ही माणसं खरी होती का? (एक वाचक, कराड)

स्ट्रिंगर काल्पनिक आहे, पण हवेतून आलेला नाही. मालिका 2002 ते 2008 या काळात एचबीओवर चालली, पाच सीझन, साठ भाग. ती उभी करणारे दोघं म्हणजे 'बाल्टिमोर सन'चा गुन्हेवार्ताहर डेव्हिड सायमन आणि त्याच शहरात खुनांचा तपास केलेला पोलीस एड बर्न्स. हे बर्न्स पुढे शाळेत शिक्षक झाले, हे मला फार जवळचं वाटतं. 1984 मध्ये त्यांच्या तपासातून मेल्विन विल्यम्स हा तिथला बडा ड्रग्जवाला पकडला गेला. सायमनने 1987 मध्ये त्याच्यावर वर्तमानपत्रात लेखमाला लिहिली. विल्यम्स 2003 मध्ये सुटला आणि याच मालिकेत चर्चमधल्या सज्जन डीकनची भूमिका करून गेला! तिसऱ्या सीझनमध्ये पांढऱ्या केसांचा, शांत बोलणारा जो म्हातारा दिसतो, तोच. टोळीचा मुख्य म्होरक्या ॲव्हन किंवा स्ट्रिंगर ही मात्र कुणा एकाची नक्कल नाही.

पहिल्या सीझनमधली पेजरची युक्ती तीनदा बघूनही कळली नाही. (एक वाचक, नाशिक रोड)

पेजर म्हणजे आलेला नंबर दाखवणारं खिशातलं यंत्र. पोलिसांना कळू नये म्हणून टोळी त्यावर फोन नंबर बदललेल्या आकड्यांत पाठवते. मोबाइल घ्या हातात आणि आकड्यांचा कीपॅड उघडा. मधोमध पाच आहे. प्रत्येक आकड्याने पाचवरून उडी मारून समोर जायचं. एकचा नऊ, दोनचा आठ, तीनचा सात, चारचा सहा आणि उलटही तसंच. पाच आणि शून्य यांची आपसात अदलाबदल. बाल्टिमोरचा कोड 410 आहे, तो पेजरवर 695 असा येईल. पोरांना गणित येण्याची गरज नाही, बोटाला सवय लागली की झालं. कोडं सोडवतो तो प्रेझ हा पोलीस. याच प्रेझने आधी चौदा वर्षांच्या पोराच्या तोंडावर पिस्तूल मारून त्याचा एक डोळा घालवलेला असतो, हे विसरून त्याचं कौतुक करू नका. मला ते अजून जमत नाही.

आकडे सुटले तरी काम संपत नाही. कोर्टाने परवानगी दिलेली असते ती ठरावीक माणसांचं, गुन्ह्याशी संबंधित बोलणं ऐकण्यापुरती. सार्वजनिक फोनवरून कुणीही बोलतं, म्हणून एक पोलीस गच्चीवर दुर्बीण घेऊन बसतो आणि रिसीव्हर कुणी उचलला ते सांगतो. मगच खाली हेडफोन कानाला लागतो.

मॅडम, माझा मुलगा एमबीए करतोय. लॅपटॉपवर स्ट्रिंगरचा फोटो लावलाय. म्हणतो, तो गुंड नव्हताच, चुकीच्या गल्लीत जन्मलेला उद्योजक होता आणि लेखकांनी त्याला उगाच मारलं. तुम्ही अर्थशास्त्र शिकवायचात. मी त्याला काय सांगू? (एक आई, इचलकरंजी)

मुलाचं निम्मं बरोबर आहे, आणि ते निम्मं मला आधी मान्य करू द्या.

सांगली जिल्ह्यातल्या एका ज्युनियर कॉलेजात मी एकतीस वर्षं बारावीला मागणीची लवचिकता शिकवली. मीठ महागलं म्हणून कुणी आमटी अळणी खात नाही, ती अलवचिक मागणी. आईस्क्रीम महागलं की पोरं बर्फाच्या गोळ्यावर भागवतात, ती लवचिक. पहिल्या बाकावरची चार मुलं मान डोलवायची, बाकी वर्ग खिडकीतून एसटी मोजायचा. आणि इथे हा माणूस, ज्याच्या शब्दावर माणसं मरतात, कम्युनिटी कॉलेजच्या वर्गात बसून हात वर करतो. वर्गातून निघतो तो थेट टोळीच्या झेरॉक्सच्या दुकानात. काउंटरवरच्या पोरांना झापतो की छपाई करून देणारे गावात पुष्कळ आहेत, गिऱ्हाइकाशी असं वागलात तर ते दुसरीकडे जाईल, हा माल लवचिक आहे. दिवाणखान्यात एकटी असून मी मोठ्याने 'शाब्बास!' म्हणाले. धडा इतक्या लवकर कामाला लावणारा विद्यार्थी मला एकतीस वर्षांत दोन-तीनदाच भेटला.

पण हाच स्ट्रिंगर डी'अँजेलोला, म्हणजे ॲव्हनच्या भाच्याला, सांगतो की माल हलका निघाला तरी काळजी नको. व्यसनी माणूस येणारच, उलट दुप्पट घेईल. धडा तोच, फक्त मिठाच्या जागी ड्रग्ज, आणि गिऱ्हाईक म्हणजे मालिकेतल्या व्यसनी बबल्ससारखा माणूस. ते ऐकताना माझ्याच वर्गातलं वाक्य मला नकोसं झालं.

आता दुसरं निम्मं. मुलाच्या पुस्तकात करारावरचं एक प्रकरण असेल, ते त्याला काढायला सांगा. धंदा म्हणजे नुसती मागणी आणि पुरवठा नव्हे. दिलेला शब्द पाळला नाही तर दाद मागायला जागा लागते. तारण, पावती, दिवाणी कोर्ट. स्ट्रिंगरकडे यातलं काही नाही. तिसऱ्या सीझनमध्ये तो शहरातल्या टोळ्यांना एका टेबलाशी बसवतो, सभेचे नियम लावतो, हात वर केल्याशिवाय बोलायचं नाही. आणि एक पोरगा इमानदारीत इतिवृत्त लिहून घेत असतो! स्ट्रिंगर तो कागद हिसकावतो. सभा घेता येते, पण सभेचा कागद ठेवता येत नाही, कारण तो सरळ पुरावा आहे.

मग तो बांधकामात उतरतो. क्ले डेव्हिस हा राज्य सिनेटर त्याच्याकडून सरकारी निधी आणि परवाने मिळवून देण्यासाठी पैसे घेत राहतो. शेवटी वकील हसत सांगतो की तू नागवला गेलास. फिर्याद कुठे करणार? त्याच्याकडे उरते फक्त बंदूक, म्हणून तो सिनेटरला उडवायला निघतो. ज्याला तो मागासलेला गुंड समजत आलेला असतो तो ॲव्हनच त्याला अडवतो.

माझा एक विद्यार्थी होता, नाव लिहीत नाही. लसावि-मसावि डोक्यात करायचा. बारावीनंतर एसटी स्टँडमागे मटक्याच्या चिठ्ठ्या लिहायला लागला. बुकीने त्याचं सहा महिन्यांचं कमिशन बुडवलं, तेव्हा तो माझ्या दारात आला आणि म्हणाला, "बाई, कागद नाही, काय करू?" पैजेचा करार आपल्याकडे 1872 च्या करार कायद्याने रद्दबातल आहे, कलम 30. हे मीच त्याला सांगितलं. पन्हं केलं होतं, तो न पिता गेला.

'उगाच मारलं' हे तर मुळीच पटत नाही. ड्रग्जवाल्यांनाच लुटणाऱ्या ओमारला स्ट्रिंगर खोटं सांगून ब्रदर मूझोन या भाडोत्री मारेकऱ्याच्या अंगावर घालतो. ते दोघं एकत्र येऊन त्याला त्याच्याच अर्धवट बांधलेल्या इमारतीत गाठतात. पत्ता देतो ॲव्हन, आणि त्याच सुमारास ॲव्हनचा ठावठिकाणा पोलिसांना दिलेला असतो स्ट्रिंगरने. हे सगळं करून, खुनाच्या आदल्या रात्री, ॲव्हन आणि स्ट्रिंगर बाल्कनीत उभे राहतात, खाली बंदराचे दिवे. लहानपणी स्ट्रिंगरने बॅडमिंटनचा सेट चोरला होता, त्याची आठवण ॲव्हन काढतो. जाळी नाही, घरापुढे अंगण नाही, तरी सेट चोरला. दोघं हसतात, मिठी मारतात. सकाळी काय होणार ते आपल्याला माहीत असतं. इद्रिस एल्बा, लंडनच्या हॅकनीत वाढलेला हा नट, त्या हसण्यात दहा वर्षांचा पोरगा आणून उभा करतो. त्या रात्री मला झोप लागली नाही. मेल्यावर पोलीस त्याच्या घरी जातात तर शेल्फवर अ‍ॅडम स्मिथचं 'वेल्थ ऑफ नेशन्स'. इतके दिवस ज्याच्या मागे लागलो तो कोण होता, असा प्रश्न तपास करणाऱ्या मॅकनल्टीला पडतो. मलाही पडला.

तरीही फोटो माझ्या घरात लागणार नाही, याचं कारण डी'अँजेलो. बुद्धिबळाचा पट मांडून पोरांना प्याद्यांचं नशीब समजावणारा तो मुलगा. वीस वर्षांची शिक्षा मुकाट्याने भोगत होता, कोर्टात कुणाविरुद्ध साक्ष दिली नव्हती. 'पुढे कधी सांगेल' एवढ्या हिशेबावर स्ट्रिंगरने परस्पर माणूस ठरवून त्याला तुरुंगाच्या लायब्ररीत गळा आवळून मारलं आणि आत्महत्येचा देखावा केला. ॲव्हनलाही कळू दिलं नाही.

मुलाला म्हणावं, दुसऱ्या सीझनचा सहावा भाग पुन्हा एकदा बघ. त्यानंतरही फोटो राहिला तर का राहिला ते त्याने मला स्वतः लिहावं. पत्र पूर्ण छापीन.