त्या मुलीही रविवारी चर्चलाच आल्या होत्या

प्रश्न : ताई, सलाम. आम्ही दहा वर्षांपासून न्यू जर्सीत राहतो. आमच्या चर्चच्या तरुण संघाची जबाबदारी यंदा माझ्याकडे आली आहे. 13 ते 17 वयाची 14 मुलं आहेत. तीन कृष्णवर्णीय, चार आपली भारतीय, बाकीची गोरी. जानेवारीत मार्टिन ल्यूथर किंग यांचा दिवस असतो, म्हणून चार रविवार नागरी हक्कांच्या चळवळीवर घ्यावेत असं मनात आहे. पण मुलं म्हणतात, ‘हे शाळेत झालंय.’ माझा मुलगा म्हणतो, ‘आपला काय संबंध?’ आणि एका पालकांनी ‘चर्चमध्ये राजकारण नको’ असा निरोप पाठवलाय. सुरुवात कुठून करू? – एक वाचक

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. टेनेसीत 18 वर्षं मी हेच काम केलं, त्यामुळे तुमची तिन्ही दुखणी मला ओळखीची आहेत.

‘शाळेत झालंय’ म्हणजे काय झालेलं असतं? गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा न सोडणाऱ्या रोझा पार्क्स, किंग यांचं वॉशिंग्टनमधलं भाषण आणि त्यांचा खून. तिन्हींत मोठी माणसं. तुम्ही सुरुवात मुलांपासून करा, आणि चर्चच्या आतून करा.

15 सप्टेंबर 1963, रविवार. अलाबामातल्या बर्मिंगहॅमचं सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्च. त्या दिवशी तरुणांची खास उपासना होती. तळघरातल्या मुलींच्या खोलीत पाच जणी तयार होत होत्या. 11 वर्षांच्या डेनिस मॅकनेअरने 14 वर्षांच्या अ‍ॅडी मे कॉलिन्सला आपल्या फ्रॉकचा पट्टा बांधायला सांगितलं. अ‍ॅडी तो बांधत असतानाच, कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेषी संघटनेच्या माणसांनी ठेवलेला बॉम्ब फुटला. त्या दोघी, सिंथिया वेस्ली आणि कॅरल रॉबर्टसन जागीच गेल्या. अ‍ॅडीची 12 वर्षांची बहीण सारा वाचली, तिचा उजवा डोळा गेला. पट्ट्याची गोष्ट तिनेच पुढे सांगितली. त्या रविवारचा धडा होता ‘क्षमा करणारी प्रीती’.

हे सांगून झालं की लगेच प्रार्थनेला वळू नका. मुलांना गप्प बसू द्या. मग गुन्हेगारांना शिक्षा कधी झाली त्या तारखा फळ्यावर लिहा : पहिल्याला 1977, दुसऱ्याला 2001, तिसऱ्याला 2002. डेनिस जगली असती तर 2002 मध्ये केवढी असती, हे मुलांनाच मोजू द्या. माझ्या गटातल्या एका मुलीने हिशेब केला आणि म्हणाली, ‘माझ्या आजीएवढी.’ तेव्हापासून तिच्यासाठी तो ‘इतिहास’ राहिला नाही.

दुसऱ्या रविवारी विचारा, हेच चर्च का? कारण साडेचार महिने आधी, 2 मेला, शाळा बुडवून शेकडो कृष्णवर्णीय मुलं शहरातल्या वर्णभेदाविरुद्ध याच दारातून गाणी म्हणत बाहेर पडली होती. मोठ्यांना अटक झाली तर नोकरी जायची, घरभाडं थकायचं. म्हणून किंग यांचे सहकारी जेम्स बेव्हेल यांनी मुलांना तयार केलं. पहिल्याच दिवशी शेकडो पकडली गेली. दुसऱ्या दिवशी शहराच्या पोलीस आणि अग्निशामक दलाचा प्रमुख बुल कॉनर याच्या हुकमाने त्यांच्यावर अग्निशामक दलाचे पाण्याचे फवारे आणि पोलिसांचे कुत्रे सोडले. तुरुंग भरले, तेव्हा जत्रेच्या मैदानात मुलांना कोंडलं. मुलांना पुढे करावं का, हा प्रश्न खुद्द किंग यांनाही पडला होता. तोच तुमच्या मुलांपुढे ठेवा : हे बरोबर होतं का? तुम्ही गेला असता का? तुमच्या आईने जाऊ दिलं असतं का? उत्तर तुम्ही देऊ नका. हा तास मी नेहमी सगळ्यात लांब ठेवायचे.

आता एक चूक सांगते, ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून. नॅशव्हिलमध्ये जेम्स लॉसन नावाचे तरुण मेथडिस्ट धर्मसेवक चर्चच्या तळघरात विद्यार्थ्यांना अहिंसेचं शिक्षण देत. तिथल्या हॉटेलांत कृष्णवर्णीयांना काउंटरवर बसून खायला बंदी होती, ती मोडण्याची ही तयारी. काही जण हॉटेलच्या काउंटरवर बसल्याचं सोंग घेत, बाकीचे त्यांना शिव्या देत, ढकलत, तोंडावर सिगारेटचा धूर सोडत. मला वाटलं, आपणही करू. खुर्च्या मांडल्या, चिठ्ठ्या टाकल्या. एक कृष्णवर्णीय मुलगा खुर्चीवर आला आणि त्याचे गोरे मित्र त्याच्यामागे उभे राहिले. आधी सगळे हसले. मग एकाला ओरडायला जरा जास्तच जमलं. तो मुलगा खुर्चीच्या कडा घट्ट धरून बसून राहिला. त्याची बोटं मला अजून दिसतात. पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या आईचा फोन आला : ‘हे शिकायला त्याला चर्चला यायची गरज नाही. शाळेच्या बसमध्ये त्याला ते फुकट मिळतं.’ मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. लॉसन यांचे विद्यार्थी स्वतः होऊन आले होते, आणि त्यांना उद्या खरोखर तिथे बसायचं होतं. माझ्या मुलांना मी खेळ म्हणून बसवलं होतं. तुम्ही सोंगं अजिबात घेऊ नका. आणि ‘तुला काय वाटतं?’ म्हणून त्या तिघांकडेच वळून बघू नका. ती तिथे साक्ष द्यायला आलेली नाहीत.

तुमचा मुलगा विचारतो ना, ‘आपला काय संबंध?’ हेच लॉसन त्याचं उत्तर आहेत. कोरियाच्या युद्धाच्या वेळी सक्तीची लष्करभरती नाकारली म्हणून ते तुरुंगात गेले, आणि सुटल्यावर 1953 मध्ये कुठे आले? नागपूरला, हिस्लॉप कॉलेजात. तीन वर्षं तिथल्या मुलांना खेळ शिकवले, गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला. अलाबामातल्या माँटगोमेरीत कृष्णवर्णीयांनी वर्णभेदाविरुद्ध बसवर टाकलेल्या बहिष्काराची बातमी त्यांनी नागपुरातच वर्तमानपत्रात वाचली. परत गेल्यावर किंग यांनी त्यांना दक्षिणेत यायचा आग्रह केला. 1960 मध्ये नॅशव्हिलची हॉटेलं कृष्णवर्णीयांना ज्या विद्यार्थ्यांनी उघडायला लावली, ते जॉन लुईस, डायान नॅश त्यांच्याच हाताखाली तयार झालेले. याच कामापायी लॉसन यांना, ते शिकत होते त्या विद्यापीठाने काढून टाकलं. मुलाला हेही सांगा की 1946 साली बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतले कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज करताहेत हे वाचून त्यांनी त्याच्या प्रती मागवल्या होत्या. ज्याला आपलं दुःख तिकडेही दिसलं, त्याने ‘काय संबंध’ असं विचारलं नाही. एवढं मात्र सांभाळा : आपल्या मुलांना ‘सगळं आपणच शिकवलं’ असा फुगा फुगवू देऊ नका. ती स्तोत्रं, ती प्रार्थना, ते धैर्य कृष्णवर्णीय चर्चचंच होतं.

राहिले ते पालक. त्यांच्याशी फोनवर वाद घालू नका, तिसऱ्या रविवारी त्यांना वर्गात बोलवा. एप्रिल 1963 मध्ये अलाबामाच्या आठ गोऱ्या धर्मगुरूंनी निवेदन काढलं होतं : बर्मिंगहॅममधली वर्णभेदाविरुद्धची निदर्शनं शहाणपणाची नाहीत, ही वेळही नव्हे, कोर्टात जा, धीर धरा. कोणी, कधी लिहिलं ते न सांगता आधी ते वाचा. निम्मी मुलं म्हणतील, ‘बरोबरच आहे की!’ मग किंग यांचं बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेलं उत्तर वाचा. वर्तमानपत्राच्या कडेच्या कोऱ्या जागेत त्यांनी ते लिहायला घेतलं होतं. हा वाद उपासना चालवणाऱ्यांचा आपसातला होता, हे मुलांना आपोआप कळतं. त्याच काळात कृष्णवर्णीय तरुण गोऱ्यांच्या चर्चमध्ये उपासनेला गेले, तर कित्येक ठिकाणी दारातूनच परत पाठवले गेले. हे लपवू नका. मुलांना ते कुठूनतरी कळणारच, तर आपल्या तोंडून कळू दे.

चौथा रविवार मी मोकळा ठेवते. तोवर त्यांचेच प्रश्न इतके साठतात की आपल्याला काही आणावं लागत नाही.

आणि 2 मेच्या मुलांबद्दल तुमच्या गटाने काय ठरवलं ते मला नक्की कळवा. माझ्याकडे दर वर्षी दोन तट पडायचे, आणि मी स्वतः कुठल्या तटात, हे अजून ठरलेलं नाही.