तळवा आधी कुठे झिजतो ते बघा

प्रश्न : मी आठवड्यातून तीनदा आइस हॉकी खेळतो. ग्लोव्हजचे तळवे एक मोसमही काढत नाहीत, आणि दरवेळी वरच्या हाताचाच आधी फाटतो. बाकीचा ग्लोव्ह धडधाकट असतो. शिवाय तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या पिरियडमध्ये स्टिक हातातून सरकायला लागते. चिकट स्प्रे मारून पाहिला. दोन दिवस बरं वाटलं, मग आधीपेक्षा वाईट. तळवाही टिकेल आणि पकडही राहील असं काही आहे का?

उत्तर : आहे. मी बचावफळीत खेळते आणि गेली कित्येक वर्षं आमच्या संघातल्या सगळ्यांचे फाटके ग्लोव्हज माझ्याकडेच शिवायला येतात, त्यामुळे तुमचं दुखणं माझ्या चांगलंच ओळखीचं आहे. ‘दरवेळी वरच्या हाताचाच’ हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. खालचा हात शाफ्टवर, म्हणजे स्टिकच्या दांड्यावर, वरखाली सरकतो, मधूनच सुटतो. वरच्या हाताला सुट्टी नाही. स्टिकच्या टोकावरची टेपची गाठ सबंध वेळ त्याच्या मुठीत असते आणि प्रत्येक पासला करंगळीखालच्या मांसल भागावर थोडी थोडी फिरते. टेप सुती कापडाची, आणि कापडाची वीण म्हणजे बारीक कानसच. फाटलेला तळवा गाठीवर ठेवून बघा, भोक नेमकं तिथंच बसेल.

म्हणून सुरुवात टेपपासून करा. टेप पिळून दोरी करायची, ती अंतर ठेवून शाफ्टभोवती गुंडाळायची आणि वरून सपाट थर द्यायचा, असंच तुम्ही करत असाल. पद्धत चांगली आहे, पण दोरीचे वेढे जवळजवळ आणि टोकदार राहिले तर सगळा दाब त्या दोन-तीन उंचवट्यांवर येतो. वेढे लांब ठेवा, दोरी फार घट्ट पिळू नका आणि वरच्या थराच्या कडा एकमेकींवर नीट बसवा. मग स्टिकच्या पात्याला लावतो तेच मेण त्या थरावर हलकं चोळा आणि कोरड्या फडक्याने पुसा. बोट फिरवल्यावर खरखर लागली पाहिजे, चिकट लागता कामा नये. टेपच्या कडेतून डिंक बाहेर यायला लागला की ती काढून टाका, वरून आणखी एक थर चढवू नका. तो डिंक तळव्यात मुरतो, त्यावर धूळ बसते आणि मग तळवा दोन्ही बाजूंनी घासला जातो. काळ्या टेपचा रंग फिक्या तळव्याला लागतो, म्हणून मी टोकाला पांढरीच लावते.

तुमच्या स्प्रेचंही तेच झालं. चिकटपणा म्हणजे पकड नव्हे. खालचा हात सरकायलाच हवा, आणि चिकट तळवा सरकताना त्याची लव उपटली जाते. हल्लीच्या बहुतेक ग्लोव्हजना कृत्रिम सुएडचा, म्हणजे मऊ लव असलेल्या नकली चामड्याचा तळवा असतो. जपानच्या कुरारे कंपनीने १९६०च्या दशकात बाजारात आणलेलं क्लारिनो हे त्यातलं एक जुनं नाव. अतिशय बारीक धागे आणि त्यांना बांधून ठेवणारं पॉलियुरेथेन नावाचं प्लास्टिक, अशी त्याची घडण असते. वर दिसणारी मऊ लव म्हणजे त्याच धाग्यांची टोकं, आणि शाफ्टला धरते ती हीच लव. घाम, मेण आणि डिंकाने ती चपटी बसली की तळवा चकचकीत दिसतो आणि स्टिक सरकते. तिसऱ्या पिरियडमध्ये त्यात घामाची भर पडते.

यावर उपाय अगदी साधा आहे. ग्लोव्ह पूर्ण वाळला की सुएडच्या बुटांना वापरतात तसा नायलॉनचा ब्रश हलक्या हाताने, आधी एका दिशेने आणि मग उलट दिशेने फिरवा. चकाकी जाऊन लव उभी राहिलेली डोळ्यांना दिसते. शाफ्टही ओल्या फडक्याने पुसून कोरडा करा. शाफ्टलाच चिकट लेप असेल तर खालच्या हाताच्या पट्ट्यात पाण्यात भिजवलेला बारीक काचकागद, चारशे नंबरचा किंवा त्याहून बारीक, अगदी अलगद फिरवा. फक्त लेपाचा तोरा कमी करायचा आहे. खालचा कार्बनचा धागा दिसता कामा नये.

आता वाळवण्याबद्दल. तळवे जितके घासून जातात, तितकेच ते चुकीचं वाळवल्याने जातात असं माझं ठाम मत आहे. माझी पहिली चांगली जोडी खऱ्या चामड्याच्या तळव्याची होती. एका सामन्यानंतर ती मी रात्रभर हीटरवर ठेवली. सकाळी हात घालून मूठ मिटली तर अंगठ्याच्या घडीत करकर वाजलं आणि तिथंच बोटभर चीर गेली. तळव्यावर झीज म्हणून कुठे नव्हती. ओल्या चामड्याला उष्णता कोरड्यापेक्षा फार लवकर बाधते. ते आकसतं, आतले तंतू एकमेकांना चिकटतात आणि ते टणक होतं. त्या चिरेवर मी पहिल्यांदा सुई चालवली. ती जोडी अजून माझ्याजवळ आहे.

कृत्रिम तळव्यालाही उष्णता नको आणि ओल त्याहून नको. दमट, उबदार जागी पॉलियुरेथेन हळूहळू विघटित होतं, आणि बंद बॅगेइतकी दमट जागा दुसरी नाही. घरी पोचल्यावर सगळ्यात आधी ग्लोव्हज बाहेर काढा. मनगटाकडची बाजू मोकळी करा, बोटं वर आणि तोंड खाली असे टांगा आणि पंख्याचा थंड वारा सरळ आत जाऊ द्या. वाळल्यावर तळव्यावर पांढरट, नकाशासारखी कड दिसली तर ते घामाचं मीठ. ओल्या फडक्याने टिपून काढा, नाहीतर तो भाग दरवेळी आणखी कडक होत जातो. आठवड्यातून तीनदा खेळता, तर शक्य झाल्यास दोन जोड्या आलटून पालटून वापरा. एक जोडी दोन दिवस पूर्ण वाळते याचा फायदा कोणत्याही तेला-मलमापेक्षा जास्त होतो. ग्लोव्हच्या आत पातळ हातमोजा घातला तर घाम तळव्यापर्यंत कमी पोचतो, पण स्टिकचा स्पर्श थोडा बोथट होतो. मला तो चालत नाही, बचावफळीतल्या माझ्या जोडीदाराला त्याशिवाय चालत नाही.

तेल फक्त खऱ्या चामड्याला, तेही मोसमात एकदोनदा, फडक्यावर चार थेंब घेऊन. कृत्रिम सुएडला कधीच नाही, लव बसते. आणि ग्लोव्ह मापाचा आहे ना तेही बघा. मोठ्या ग्लोव्हमध्ये तळव्याला चुण्या पडतात आणि चुणी तिच्या कण्यावरच फाटते.

भोक पडायची वाट बघू नका. दिवे घालवून ग्लोव्हमध्ये छोटी बॅटरी घाला आणि बाहेरून तळवा बघा. विरलेल्या जागी उजेडाचे ठिपके दिसतात. ठिपके दिसले की ठिगळाची वेळ झाली. मी बकरीचं मऊ चामडं घेते, जेमतेम एक मिलिमीटर जाडीचं, आणि विरलेल्या जागेपेक्षा चहूबाजूंनी बोटभर मोठं कापते. कोपरे गोल, कारण टोकदार कोपरा आधी उचकटतो. कडा आतून तासून कागदासारख्या पातळ करते, म्हणजे हाताला पायरी लागत नाही. ठिगळ बाहेरून लावते, झीज त्यानेच सोसायची असते. नुसत्या चिकटवण्यावर मुळीच विसंबू नका. सोल्यूशनचा पातळ हात देऊन ठिगळ जागेवर बसवा, आरीने भोकं पाडा आणि मेण लावलेल्या दोऱ्याने दोन सुयांचा टाका घाला, टाक्यांत साधारण तीन मिलिमीटर अंतर ठेवून. या टाक्यात एक दोरा तुटला तरी दुसरा धरून राहतो.

ठिगळावर ठिगळ चढायला लागलं की मात्र पूर्ण तळवा बदला. जुना तळवा शिवण उसवून अखंड काढा, तोच तुमचा कागदी नमुना. नवं चामडं कापताना ते कुठल्या दिशेने ताणतं ते आधी हातात धरून बघा. ताण हाताच्या रुंदीच्या दिशेने यायला हवा. लांबीकडे आला तर महिन्याभरात बोटांची टोकं रिकामी लोंबतात. पहिल्या खेपेला माझी हीच चूक झाली होती आणि सगळं पुन्हा उसवावं लागलं.

प्रश्न : मुलीच्या ग्लोव्हजना फार वास येतो. मशीनमध्ये धुतले तर चालतील का?

उत्तर : तळवा कृत्रिम असेल तर चालतात, आतल्या लेबलवर मनाई नसेल तर. थंड पाणी, सौम्य साबण, जाळीची पिशवी आणि सगळ्यात हलकं चक्र. ड्रायर अजिबात नाही. खऱ्या चामड्याचे असतील तर आतूनच ओल्या फडक्याने पुसा. धुतलेले ग्लोव्हज आतपर्यंत वाळायला दोन दिवसही लागतात, तेव्हा सामन्याच्या आदल्या दिवशी धुऊ नका.

प्रश्न : माझा मित्र तळवा कापून टाकतो आणि उघड्या हाताने स्टिक धरतो. पकड एकदम घट्ट, तळवा झिजायचा प्रश्नच नाही. मी करू का?

उत्तर : नको. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगच्या नियमांत तळवा पूर्ण किंवा थोडासाही कापून उघडा हात वापरता येईल असा केलेला ग्लोव्ह बेकायदा आहे आणि तो घालून खेळल्यास मायनर पेनल्टी, म्हणजे दोन मिनिटं बाहेर. तुमच्या मित्राचा कापलेला तळवा अजून कुठे पडला असेल तर जपून ठेवायला सांगा. नवा तळवा कापायला नमुना म्हणून तो उपयोगी पडेल.