जहाज लांबच्या वाटेनं गेलं तर?

प्रश्न : पिंपळगाव बसवंतला आमचं छोटं पॅकहाऊस आहे. द्राक्षं रॉटरडॅमला जातात. लाल समुद्राची वाट पुन्हा अडली तर काय तयारी ठेवू?

उत्तर : दादा, २०२३ च्या अखेरीस तिथं जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागले. प्रवास साधारण दोन आठवड्यांनी लांबला. मी ते दिवस धरलेच नव्हते; पेट्या उघडल्या तेव्हा देठ तपकिरी पडले होते. ते फोटो मी अजून जपून ठेवलेत.

म्हणून आधी विम्याची पॉलिसी वाचा. केवळ उशिरामुळे झालेलं नुकसान सागरी विम्यात सहसा धरत नाहीत. मला हे फार उशिरा कळलं, तुमचं तसं होऊ नये. वाढीव भाडं कोण भरणार, हे तोडणीआधी खरेदीदाराकडून लेखी घ्या. लांबच्या वाटेला कडक मणी, हिरवा देठ एवढाच माल भरा आणि प्री-कूलिंगला, म्हणजे तोडलेला माल लगेच थंड करायला, तासभरही उशीर करू नका. ग्रेप गार्ड (द्राक्षं सडू नयेत म्हणून पेटीत ठेवायचे, सल्फर डायऑक्साइड सोडणारे कागद) बाहेरून येत असतील तर दिवाळीआधीच मागवा.

थोडा माल बांगलादेशासाठीही ठेवा. तिथलं आयात शुल्क जड आहे, पण माल ट्रकनं जातो.