अवशेषदर्शनाला बहीण यायला तयार नाही, तिला कसं समजवावं?

समजावू नका. लहानपणी एका फादरनं तिच्यावर अत्याचार केला हे तुम्हीच लिहिलंय. आता कराडला संताचा अवशेष, म्हणजे संताच्या शरीराचा जपून ठेवलेला अंश, येणार म्हटल्यावर ती ‘हाडं जपतात, पोरं नाही’ म्हणत असेल, तर त्यात भावनेच्या भरातलं काही नाही. कॅथलिक चर्चचा कायदा वाचलेला माणूसही हेच म्हणेल.

अवशेष जपायची शिस्त बघा. २०१७ साली व्हॅटिकननं यावर स्वतंत्र सूचना काढल्या. संताची कबर उघडायची तर बिशपचा प्रतिनिधी, नोटरी आणि शरीरशास्त्र जाणणारा डॉक्टर हजर पाहिजे. जे निघेल त्याची लेखी नोंद होते. बारीक तुकडा काचेच्या डबीत बसवतात, मागून लाल रेशमी धागा, त्यावर लाखेची मोहोर, सोबत सहीशिक्क्याचं प्रमाणपत्र. मोहोर फुटली की खरेपणावर शंका आलीच. विक्रीला चर्चच्या कायद्याच्या कलम ११९० नं सक्त मनाई. धूप दाखवताना झोके दोनच. तीन झोके पवित्र साक्रामेंताला (ख्रिस्ताचं शरीर मानल्या जाणाऱ्या भाकरीला) आणि ख्रिस्ताच्या क्रुसाच्या अवशेषाला. इतकं सगळं ठरलेलं.

आता त्याच कायद्याचं कलम ४८९ काढा. प्रत्येक धर्मप्रांतात एक गुप्त दप्तर असतं, किल्ली फक्त बिशपकडे. नीतिमत्तेच्या गुन्ह्यांचे कागद त्यात जातात. दोषी माणूस वारला, किंवा शिक्षेच्या निकालाला दहा वर्षं झाली, की ते कागद नष्ट करायचे. घटनेचा छोटा सारांश आणि अंतिम निकाल तेवढा ठेवायचा. १६१४ साली गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचा उजवा हात कोणाच्या हुकमानं कापला आणि रोममध्ये कुठल्या चर्चमध्ये ठेवला, हे आजही सांगता येतं. तक्रार घेऊन आलेल्या पोरीला कोणी काय उत्तर दिलं, ते दहा वर्षांनी सारांशात उरेलच याची खात्री नाही. माझा राग अवशेषांवर नाही, या दोन कलमांमधल्या अंतरावर आहे.

मिरजेत हे बोललं की आमचे प्रॉटेस्टंट सोयरे लगेच सुरू होतात, ‘म्हणून तर आम्ही हाडं पुजत नाही!’ हे मला मुळीच पटत नाही. सज्जनगडावर समर्थांच्या कुबडीपुढे हात जोडणारा लाकडाला हात जोडत नसतो. आणि अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाकडे कुठे आहेत अवशेष? त्यांच्यावरचा २०२२ चा चौकशी अहवाल वाचा. पुढाऱ्यांनी तक्रारी दाबल्याच्या तशाच कहाण्या.

कोणत्या संताचा अवशेष येतोय ते तुम्ही लिहिलेलं नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांच्या रक्ताचा असेल, तर बहिणीचा मुद्दा आणखी धारदार होतो. मॅकॅरिक या अमेरिकन बिशपबद्दलच्या लैंगिक गैरवर्तनाच्या तक्रारी कानावर येऊनही २००० साली त्याला वॉशिंग्टनचा आर्चबिशप करायचा निर्णय त्यांनी स्वतः घेतला, हे व्हॅटिकनच्याच २०२० च्या अहवालात आहे.

अवशेषाचं दर्शन घेणं कोणावरही बंधनकारक नाही. न गेल्यानं पाप लागत नाही. फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थस्थळी तर अत्याचाराचे आरोप असलेल्या रुपनिक या कलाकार फादरची मोझॅइक असलेली बॅसिलिकाची दारं २०२५ मध्ये बिशपनंच झाकून टाकली, पीडितांना तिथून आत जाणं जड जातं म्हणून. तुमच्या घरच्यांनी एका रविवारी गप्प बसायला काय हरकत आहे?

तिला तक्रार करायची असेल तर आधी पोलीस, मग बिशप. उलट केलं की अंतर्गत चौकशीत वर्षं जातात. घटना १४ नोव्हेंबर २०१२ नंतरची असेल तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागतो. कलम १९ प्रमाणे माहिती असलेल्या प्रत्येकानं कळवायचं असतं, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला कलम २१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. त्याआधीची घटना असेल तर जुनी दंडसंहिता. मुदतीची अडचण फक्त तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांना येते, बलात्काराला येत नाही. तरीही फौजदारी वकिलाला कागद दाखवूनच पुढे जा, मी वकील नाही. आणि तक्रार करायची की नाही हे तिनं ठरवायचं, तुम्ही नाही.

एक राहिलं. हे सगळं तिनं एखाद्या चांगल्या फादरना सांगायचं ठरवलं, तर कन्फेशनमध्ये (फादरपुढच्या गुप्त पापकबुलीत) सांगू नये. तिथलं बाहेर काढलं तर त्यांनाच बहिष्कृत व्हावं लागतं, त्यामुळे मनात असूनही ते साक्ष देऊ शकणार नाहीत. ऑफिसात बसून, साक्षीला कोणीतरी सोबत घेऊन सांगावं, आणि लेखी द्यावं.