घरशाळेच्या पहिल्या वर्षी काय करावे

ताई, मुलीला शाळेत न घालता घरीच शिकवायचे, म्हणजे घरशाळा करायची, असे तुम्ही ठरवले आहे. पण ती जेमतेम पाच वर्षांची आहे, तेव्हा इतक्यात वेळापत्रक आखू नका. टेबल, फळा आणि तासिका मांडून घरातच शाळा भरवणे ही नवख्या पालकांची नेहमीची चूक. महागडे शैक्षणिक संच आधीच विकत घेणे ही दुसरी.

सुरुवातीला एवढेच सांभाळा:

- रोज मोठ्याने गोष्ट वाचून दाखवा, आणि मध्येच प्रश्न विचारून तिची परीक्षा घेऊ नका.
- गणित व्यवहारातून येऊ द्या. नाशिकच्या गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात तिच्या हाती पन्नासची नोट देऊन मेथीची जुडी घ्यायला लावा. सुटे पैसे मोजताना ती अडखळली, तर भाजीवाल्या मावशी बहुधा थांबतात, अडचण होते ती आपल्याच घाईची.
- हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात न्या. पक्ष्यांची नावे पाठ करून घेण्याची गरज नाही.

‘अजून बाराखडी येत नाही?’ असे नातेवाईक विचारतीलच. परंतु या वयात वाचनाची गती मुलागणिक बरीच वेगळी असते, त्यामुळे शेजारच्या मुलांशी तुलना करू नका. दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मार्ग आहे, त्याला किमान १४ वर्षे वय लागते. तो तपशील पुढे पाहू.